पाचही खुणा

"हलू नका आजोबा, तसेच उभे राहा. म्हणजे खांबाची उंची कळेल."

मामांनी खांबाला पाठ लावली आणि फेटा नीट केला. आपला फोटो निघणार असं त्यांना वाटलं असावं. पण त्या मुलीच्या हातात कॅमेरा नव्हता. एका हातात पेन्सिल होती आणि दुसऱ्या हातात एक लहानसं पुस्तक, सदऱ्याच्या खिशात मावेल एवढं. ती खांबाच्या माथ्याकडे बघायची, मग पुस्तकातल्या चित्राकडे, मग परत खांबाकडे.

"बरोबर," ती स्वतःशीच म्हणाली आणि पानावर बारीकशी खूण केली. "ही पहिली."

"पयली काय?" मामांनी विचारलं.

"पाच खुणा असतात आजोबा. त्यातली पहिली जुळली."

मामा म्हणजे माझे सासरे, गुरलिंगप्पा. घरात आम्ही पाच माणसं होतो. मामा, सासूबाई, त्यांना मी अत्या म्हणायची, माझा नवरा नागनाथ, मी आणि आमची चार वर्षांची अक्कू. लातूरच्या खाली, तेरणेच्या काठाला आमचं गाव. नाव सांगत नाही. त्या नावाचं गाव आता दुसरीकडे आहे.

मुलगी पुण्याची होती. मृणाल दाबके. इमारती बांधायचं शिक्षण घेत होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्या सरांनी मुलांना खेड्याखेड्यांत जुनी घरं बघायला पाठवलं होतं. तिच्याबरोबरची मुलं मठात आणि वेशीवर मापं घेत होती आणि हिच्या वाट्याला आमची गल्ली आली होती. ते पुस्तकही त्यांच्या सरांनीच तयार केलेलं. एका पानावर एका पद्धतीचं घर. वर चित्र, खाली पाच खुणा. खांब कसा, तुळईखालचा कोरीव तुकडा कसा, भिंत कशाची, उजेड कुठून येतो, माळवद कसं. घरासमोर उभं राहायचं, एकेक खूण बघायची आणि पान शोधायचं.

"आणि पाची जुळल्या तर?" मामांनी विचारलं.

"पाचही कुठेच जुळत नाहीत हो. आम्ही आठवडाभर हिंडतोय. तीन, फार तर चार. कुणी फरशी घातलेली असते, कुणी भिंत पाडून विटांची केलेली असते."

अंगणात अक्कू खेळत होती. भिंतीला टेकवून ठेवलेल्या नव्या पत्र्यांवरून ती काठी फिरवायची आणि खर्रर्र आवाज निघाला की हसायची.

"ये पोरी! थांबीव ते!" लिंबाखालच्या बाजेवरून अत्या ओरडल्या. त्यांचा आवाज इतका चढला की मृणाल दचकून वळली. अक्कूने काठी टाकली आणि माझ्या पदराखाली शिरली.

"त्यास्नी आवाज सहन हुईना," मामा हळूच म्हणाले. "मागल्या सालापासनं."

मागच्या साली दसऱ्यानंतर आमच्या भागात जमिनीतून आवाज येऊ लागले होते. लांब कुठेतरी सुरुंग उडावा तसा आवाज व्हायचा आणि मग फळीवरची भांडी आपोआप वाजायची. एकदा भिंतीतल्या कोनाड्यातून दिवा खाली पडला. सारं गाव रानात झोपायला गेलं. बाहेरून माणसं आली, यंत्रं लावून गेली, काळजी करू नका म्हणाली. महिना-दीड महिन्याने आवाज कमी झाले, मग थांबले. थंडीही पडली होती. लोक हळूहळू घरांत परतले.

अत्या परतल्या नाहीत. त्यांनी लिंबाखाली बाज टाकली ती टाकलीच. थंडीत वर गोधड्या घेतल्या, पण माळवदाखाली आल्या नाहीत. स्वयंपाकघरात यायच्या त्यासुद्धा वर बघत. गल्लीतल्या बायका त्यांना हसायच्या. त्यांचं एकच म्हणणं असायचं, "माझ्या डोस्क्यावरची माती काढा. मग येते मी आत."

ही मातीची गोष्ट शहरातल्या माणसाला सांगावी लागते. आमच्याकडच्या घरांना उतरतं छप्पर नसायचं. जाड दगडी भिंती, आत लाकडाचे खांब, त्यावर तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर मातीचा सपाट थर. हे माळवद. उन्हाळ्यात आत गार, थंडीत ऊब. दर पावसाळ्याआधी वर नवी पांढरी माती पसरायची, म्हणजे पाणी गळत नाही. जुनी माती कुणी काढत नसे. तिच्यावरच नवी घालायची.

मामांनी सहा महिने अत्यांची समजूत घातली आणि शेवटी हात टेकले. नागनाथने लातूरहून पत्रे आणले. लिंबाजी सुताराला सांगावा गेला. सोमवारी त्याची माणसं येऊन माळवद उतरवायला लागणार होती. मृणाल आली तो शनिवार होता.

"हे पत्रे कशाला?" तिने विचारलं.

"माळवद काढलालो की," नागनाथ म्हणाला. "पत्रे टाकायचेत."

तिचा चेहरा पडला. पुस्तक मिटून तिने बोट मधे धरलं आणि म्हणाली, "मग मला आजच सगळं बघून घ्यायला हवं."

तिच्या मदतीला मला दिलं. टेपचं एक टोक धरायचं, कंदील दाखवायचा, माप सांगायचं. मी नववीपर्यंत शिकलेली. पुस्तकातलं मला वाचता येतंय हे कळल्यावर तिने ते माझ्याच हातात दिलं.

"तू वाच, महानंदा. मी बघते."

आम्ही घरभर हिंडलो. ज्या घरात मी रोज झाडलोट करायची, त्याच्याकडे मी कधी मान वर करून पाहिलंच नव्हतं. सुनेला वर बघायला वेळ कुठे असतो. तुळईखालच्या लाकडात पोपट कोरलेला होता. तो पोपट आहे हे मला त्या दिवशी कळलं. धुराने काळा पडला होता, मी ओल्या फडक्याने पुसला तशी चोच दिसली. दुसरी खूण. मग भिंत. तिने हात लांब करून भिंतीची रुंदी मोजली आणि हसायलाच लागली, "अगं, किल्ल्याची आहे का ही?" तिसरी. मग माळवदातलं सानं, म्हणजे उजेड यायला ठेवलेलं भोक. त्याखाली अक्कू उभी राहिली आणि तोंडावर ऊन पडलं म्हणून डोळे मिटून घेतले. मृणालने तिचं तसंच चित्र काढलं. चौथी.

पाचव्या खुणेसाठी आम्ही शिडीने माळवदावर चढलो.

वरून सगळं गाव दिसत होतं. घराला घर लागून, माळवदाला माळवद. त्या टोकाच्या वेशीपासून या टोकाच्या मठापर्यंत खाली न उतरता जाता यायचं. जागोजागी मिरच्या आणि वाळवणं टाकलेली. पोरं पतंगाच्या मागे एका घरावरून दुसऱ्यावर पळत होती. मृणाल एका जागी उभी राहून चहूकडे वळून बघत राहिली.

"किती सुंदर आहे गं हे," ती शेवटी म्हणाली. "तुम्हाला रोज दिसतं."

मी म्हणाले, "उन्हं लई लागत्यात वर."

ती हसली. मग पत्र्याच्या पन्हळीशेजारी, जिथे मातीची कड उघडी होती, तिथे ती गुडघ्यावर बसली. मातीत पट्ट्या पट्ट्या दिसत होत्या, एक पांढरी, एक पिवळट, परत पांढरी. तिने मोजपट्टीचं टोक वरून आत खुपसलं. पट्टी संपली तरी फळी लागली नाही. मग तिने टेप सोडला.

"महानंदा, काय लिहिलंय पाचव्या खुणेत?"

मी वाचलं, "मातीचा थर हातभर किंवा अधिक, दरवर्षीच्या भरीचे पट्टे स्पष्ट दिसतात."

"हातभर? हा तर दोन हात आहे." ती उठून उभी राहिली आणि माझे दोन्ही खांदे तिने धरले. "पाचही! अगं, पाचही जुळल्या!"

तिच्या आनंदाने मलाही हसू आलं. आम्ही दोघी वर उभ्या राहून हसत होतो. खाली लिंबाखालून अत्या आमच्याकडे बघत होत्या.

ती बातमी दिवस मावळायच्या आत गावभर झाली. पुण्याच्या बाईच्या पुस्तकात गुरलिंगप्पाचं घर पाचात पाच आलं. दुसऱ्या दिवशी लोक मृणालला हाताला धरून आपापल्या घरी नेऊ लागले. आमचं बघा, आमचं बघा. मी पुस्तक घेऊन तिच्या मागोमाग. गावात सून म्हणून मी डोक्यावर पदर घेऊन पाणवठा आणि देऊळ एवढंच फिरलेली. त्या दिवशी मी चाळीसेक घरांत गेले, वर बघितलं आणि बायकांना सांगितलं, तुमचा खांब दुसऱ्या पानावरचा आहे. दुपारपर्यंत मला पान न उघडता ओळखता येऊ लागलं. मृणाल म्हणाली, "तू आमच्या वर्गात पाहिजे होतीस."

पाटलांचं घर गावात सगळ्यांत मोठं. त्यांनी आदल्याच वर्षी भिंतींना गुलाबी ऑइलपेंट दिला होता आणि सोप्यात फरशी बसवली होती. त्यांच्या घराला दोनच खुणा मिळाल्या.

"दोनच?" पाटील म्हणाले. "पुस्तकात काईतरी चूक असंल."

ही गोष्ट मामांनी त्या एका संध्याकाळी चार वेळा ऐकली, दर वेळी वेगळ्या माणसाकडून, आणि दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी. मामा गरीब स्वभावाचे. गावकीत मागे बसणारे. कधी कुणाशी आवाज चढवून बोलले नाहीत. त्या संध्याकाळी ते ढेलजेत, म्हणजे दारातल्या ओट्यावर, भिंतीला पाठ लावून बसले होते आणि जाणारा-येणारा थांबून त्यांना रामराम करत होता. त्यांचा एक हात सारखा मागे जाऊन भिंतीचा दगड चाचपायचा.

रात्री मृणाल चौकात जेवायला बसली होती. तिच्यासाठी मी धपाटे केले होते. मामांनी घसा खाकरला.

"बाई, एक इचारू का?"

"विचारा ना."

"हे घर तुमी असता तर पाडला असताव का?"

हातातला तुकडा ताटात ठेवला. "मी असते तर नसतं पाडलं, आजोबा. पत्र्याखाली उन्हाळ्यात तुम्हाला बसवणार नाही. आणि असं घर परत बांधायचं म्हटलं तर आता कुणाला येत नाही. पण तुमचं घर आहे. राहायचं तुम्हाला आहे."

"किती सालाचं असंल?"

"सव्वाशे, दीडशे वर्षं तरी."

"आणि टिकंल?"

"इतकी वर्षं टिकलंय. लाकूड चांगलं आहे. कुठे वाळवी नाही. माती राखलीत तर अजून टिकेल."

अत्या बाजेवर बसून ऐकत होत्या. त्या उठल्या आणि उंबऱ्यापर्यंत आल्या. आत आल्या नाहीत.

"बाई, त्या पुस्तकात भुई हालल्यावर काय हुतंय ते हाय का?"

मृणालने माझ्याकडे पाहिलं, मग पुस्तकाकडे. ते माझ्याच मांडीवर होतं.

"नाही, आजी. हे फक्त ओळखायचं पुस्तक आहे. कुठल्या पद्धतीचं घर आहे, एवढंच."

"मंग नाव कळल्यानं माती हलकी हुती का?"

नागनाथ म्हणाला, "आये, आता गप. सा म्हैने झाले, एक भांडं वाजलं न्हाई. उगं पावण्या माणसाफुडं."

"तू काय म्हणतेस, महानंदा?" मृणालने विचारलं.

त्या घरात मला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "अत्या म्हणतील तसं."

"ती काय सांगती," अत्या म्हणाल्या. "कालच तुमच्यासंगं माळवदावर नाचली." पण त्या रागाने बोलल्या नव्हत्या. थकून बोलल्यासारख्या बोलल्या.

मामा उठले. चप्पल घातली आणि लिंबाजी सुताराकडे जाऊन सांगून आले की सोमवारी येऊ नको. परत आल्यावर ते अत्यांच्या बाजेशेजारी जमिनीवर बसले. मी भांडी घासत होते, मला ऐकू येत होतं.

"शिवकांते, माझ्या पणज्यानं बांधलं गं हे. आपल्याला काय ठाव हुतं ते कसं हाय ते? आता कळलं. कळल्यावर कसं पाडू?"

अत्या म्हणाल्या, "मला कळना बगा तुमचं. माती घालतानाबी मला कुणी इचारलं न्हाई, ठिवतानाबी न्हाई."

"तुला कुणी इचारलं न्हाई खरं," मामा म्हणाले. "पर आता माझ्यासाठी."

माझ्या लग्नापासून इतक्या वर्षांत मामांनी अत्यांकडे स्वतःसाठी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं.

मृणाल मंगळवारी गेली. जाताना अक्कूचं चित्र तिने मला दिलं. मी ते देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवलं. पत्रे नणंदेच्या गावी पाठवले, त्यांना गोठ्याला हवेच होते. आणि मृगाआधी मामांनी स्वतः टोपल्या वाहून माळवदावर नवी माती पसरली. नागनाथ नको म्हणत होता, यंदा राहू द्या. पण मामांनी हौसेने पसरली, नेहमीपेक्षा जास्त.

पाऊस लागला तेव्हा अत्यांची बाज लिंबाखालून ढेलजेत आली. श्रावणात झड लागली, ढेलजेतही पाणी मारू लागलं, तेव्हा मामा म्हणाले, आत चल, मी बाहेर झोपतो. मधल्या खणात अक्कूशेजारी अत्यांनी अंथरूण घातलं. पहिले काही दिवस रात्री मला जाग आली की त्या उठून बसलेल्या दिसायच्या. मग त्याही झोपू लागल्या. अक्कूला तर त्यांनी पोटाशी धरल्याशिवाय झोप येईना.

त्या वर्षी गणपती बुडवून गाव उशिरा झोपलं. नागनाथ गुलालाने माखलेला तसाच आडवा झाला. पहाट व्हायच्या आधी ढेलजेतून मामांनी पाणी मागितलं. मी उठून अंगणातल्या रांजणाकडे गेले. तांब्या बुडवला. तांब्यात पाणी शिरल्याचा आवाज मला आठवतो. त्यानंतरचा आवाज लोक अजून सांगतात, कुणी म्हणतं रेल्वेसारखा, कुणी म्हणतं ढगासारखा. मला तो आठवत नाही.

मी अंगणात पालथी पडले होते. डोक्यातून रक्त डोळ्यांत येत होतं. समोर घर नव्हतं. चांदणं होतं आणि धूळ होती, आणि जिथे घर होतं तिथे कमरेइतक्या उंचीचा मातीचा ढीग. आमच्याच नाही. त्या टोकाच्या वेशीपासून या टोकाच्या मठापर्यंत. सगळ्यांत भयंकर म्हणजे ओरडायचा आवाज फार थोडा होता.

मी हातांनी माती उपसू लागले. वरची माती मऊ होती, त्या मृगाचीच. ती निघाली. तिच्याखाली आदल्या वर्षीची होती, तिच्याखाली त्याच्या आदल्या वर्षीची. मी उपसत होते आणि ती संपत नव्हती.

मामांवर ढेलजेची भिंत कलली होती. त्यांचा खुबा मोडला होता, पण ते जिवंत होते. उजाडल्यावर शेजारच्या गावची माणसं आली आणि त्यांना ओढून काढलं. आमच्या मधल्या खणापर्यंत पोचायला दुपार झाली. अत्यांनी अक्कूला पोटाशी धरलं होतं. दोघींच्या अंगावर कुठे जखम नव्हती. नाकातोंडात माती होती. नागनाथ त्यांच्यापासून चार हातांवर, दाराकडे तोंड करून.

आमच्या लिंगायतांत माणूस गेलं की पुरतात. बसवून, हातात लिंग देऊन, जंगमाला बोलावून. त्या दिवशी जंगमाच्या घरचंच कुणी उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मिलिटरीच्या जवानांनी ओळीने सरणं रचली. एवढं सरपण कुठून येणार. घरांचीच लाकडं घेतली, तुळया, फळ्या, खांब. मी बघत नव्हते. कोणतं लाकूड कुणाला लागलं ते मला माहीत नाही.

पुढे आम्हाला रानात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं. एका शेडमध्ये आठ-दहा कुटुंबं, मधे पोत्यांचे पडदे. मामांना दवाखान्यातून आणून ठेवलं तेव्हा ते पायाला वजन बांधून आडवे होते. मी माझं टाके घातलेलं डोकं घेऊन त्यांचं करत होते. टाक्यांसाठी माझे केस कापले होते. तोंड अर्धं सुजलेलं. अंगात मदतीच्या गठ्ठ्यातून मिळालेला पंजाबी ड्रेस, कुणा शहरातल्या मुलीचा. आरशात मला मी ओळखू येत नव्हते. तशी बघायची गरजही नव्हती.

दिवाळीच्या आधी एक दिवस दुपारी ती आली.

शेडच्या तोंडाशी उभी राहून ती आत बघत होती. उन्हातून आल्यामुळे तिला नीट दिसत नसावं. मी परातीत पीठ मळत होते. तिने माझ्याकडेच बघून विचारलं, "ताई, वेशीजवळच्या गल्लीतले कुणी आहेत का इथे?"

मी मान हलवली.

"गुरलिंगप्पा म्हणून एक आजोबा होते. त्यांचं घर..."

"घर पडलं," मी म्हणाले.

"ते माहीत आहे. मी जाऊन आले तिथे." ती थांबली. "माणसं?"

"म्हातारी गेली. ल्योक गेला."

"लहान मुलगी होती त्यांची."

"गेली."

तिने शेडचा खांब धरला. "आणि सून? महानंदा?"

तिने माझ्याकडे सरळ पाहत विचारलं होतं. मीही तिच्याकडे सरळ पाहिलं. मला राग आला होता का? आजवर पुष्कळदा मी स्वतःला विचारलं आहे. राग नव्हता. तिने विचारलं त्या बाईबद्दल मला जे माहीत होतं ते मी सांगितलं.

"गेली," मी म्हणाले.

ती खालीच बसली. मातीत, चपला पायात तशाच. ती रडेल असं वाटलं, पण रडली नाही. तोंड उघडं ठेवून श्वास घेत राहिली. मग म्हणाली, "त्यांनी पत्रे आणून ठेवले होते, ताई. माझ्यादेखत ठेवलेले होते. सोमवारी काढणार होते. मी म्हणाले, मी असते तर नसतं पाडलं. मी असं म्हणाले त्यांना."

मी पिठाचे हात पुसले आणि तिला पेल्यात पाणी दिलं. तिने ते दोन्ही हातांत धरलं, प्यायली नाही.

"कुणीच नाही का राहिलं? ज्यांना मी..." ती पेल्यातल्या पाण्याकडे बघत म्हणाली, "कुणाला तरी मला सांगायचं होतं."

तेवढ्यात पोत्याच्या पडद्यामागून मामांनी हाक मारली.

"महानंदा, कोण आलंय गं?"

मृणालने मान वर केली. आधी माझ्या हातांकडे पाहिलं, मग कापलेल्या केसांकडे, मग डोळ्यांकडे. तिथे ती थांबली. मी तिच्या हातातून पेला काढून घेतला. त्यातलं पाणी तसंच होतं.

"कुणी न्हाई, मामा," मी म्हणाले.

ती उठली. ड्रेसला लागलेली माती तिने झाडली नाही. दोन शेडच्या मधल्या बोळातून ती पाठमोरी चालत गेली आणि रस्त्याला उभ्या असलेल्या जीपच्या पलीकडे दिसेनाशी झाली. त्यानंतर ती मला कधी भेटली नाही.

"बाईमाणसाचा आवाज हुता," मामा म्हणाले.

"नावं लिवून घ्यायला आल्या हुत्या."

"गेलेल्यांची?"

"हाव."

"सांगितलीस?"

"सांगितली."

मला वाटलं मामा झोपले. मी परत पिठात हात घातला.

"पोरीचं काय सांगितलीस? नुसतं अक्कू म्हणलीस का?"

"न्हाई मामा."

"अक्कमहादेवी म्हणून सांगायचं. अक्कमहादेवी नागनाथ. पूर्ण."

"पूर्ण सांगितलं," मी म्हणाले.